खडीचे वाफे बुजणार नाहीत

४ फेब्रुवारी

आत्या,

आधी कबुली देते, मग तू हवं ते बोल. हे पत्र मी थंडी पडायला लागली तेव्हापासून लिहिते आहे. म्हणजे मनात. कागद आणला, तर त्या दिवशी वाऱ्यानं खिडकी आपटत होती, म्हणून त्याची घडी करून फटीत बसवली. दुसरा कागद आणला, तर ड्रॉवरची अडकलेली कडी पेनानं उचकटायला गेले आणि पेन मोडलं. नवं पेन घ्यायला वस्तीत गेले, तिथं एक माणूस सायकलवर उलटा बसून सायकल चालवत होता. तो पडतो का ते बघत बसले. पडला नाही. तोवर दुकान बंद झालं.

आज लिहिते आहे, कारण आज अडलंय. तू म्हणशील, बघा, नड लागली की आत्या आठवते. हो, तसंच आहे.

मी सध्या एका बागेत आहे. गावाबाहेरची, तळ्याकाठची, माणसं तंबू ठोकून राहायला येतात तसली. मला फाटकावर ठेवलंय. तिकिटं फाडायची, गाड्या लावून घ्यायच्या आणि बदकांना पाव घालू नका म्हणून दिवसभर ओरडायचं. बेकरी सुटली, नावेवरचं काम सुटलं, सर्कशीचा तंबू सुटला, हेही सुटेल असं तुला वाटत असणार. थांब जरा.

इथल्या संडास-न्हाणीघरांच्या मागं उतारावर दोन लांबट वाफे आहेत, खडीनं भरलेले. त्यात पाणकणीस लावलंय, ते तपकिरी मखमली कणसांचं उंच गवत. बागेतलं सगळं सांडपाणी आधी जमिनीखालच्या टाकीत जातं. तिथं गाळ तळाला बसतो, वरचं पाणी खडीखालून, मुळांमधून सावकाश सरकत जातं आणि शेवटी एका डबक्यात निघतं. डबक्यातून ओढ्याला. मोटर नाही, बटण नाही, आवाज नाही. मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, काहीतरीच! तर इथल्या माळ्यानं डबक्यातलं पाणी काचेच्या बरणीत भरून माझ्यासमोर धरलं. बरणीतून पलीकडची त्याची मिशी दिसत होती, एकेक केस. तो माळी आता लेकीकडे राहायला गेला. जाताना वाफे मला सोपवले. सोपवले म्हणजे "लक्ष ठेव" म्हणाला आणि बसमध्ये चढला.

आता माझी करामत ऐक. वरच्या ऑफिसातली मंडळी बाग बघायला येणार होती. आमच्या साहेबांना सगळं चकाचक लागतं, म्हणून त्यांना आम्ही चकाचकसाहेबच म्हणतो. समोर नाही. त्यांनी सांगितलं, संडास असे पाहिजेत की आत जाताना माणसानं चपला बाहेर काढाव्या. मी इरेला पेटले. गोदामात होतं नव्हतं तेवढं ब्लीचिंग, फिनेल, ॲसिड सगळं ओतलं. घासलं, परत ओतलं. मंडळी आली, वास घेऊन खूश झाली, माझी पाठ थोपटून गेली.

पुढच्याच आठवड्यात डबकं काळं पडलं. नासक्या अंड्यांसारखा वास सुटला. बेडूक गप्प झाले. पाणकणीस पिवळं पडायला लागलं. खालच्या वस्तीतून तक्रार आली आणि साहेबांनी एका वाक्यात निकाल लावला: वाफे बुजवायचे, वर गाड्या उभ्या करायची जागा करायची, आणि सांडपाणी बाजूच्या पाइपातून सरळ ओढ्यात सोडायचं. तो पाइप दुरुस्तीच्या वेळेपुरता ठेवलेला आहे, बंद असतो. त्याच्या व्हॉल्व्हची चावी माझ्या जुडग्यात आहे.

मी ती देणार नाहीये, आत्या. पण नुसती चावी मुठीत धरून मी काय करू? तू शहराच्या सांडपाण्याच्या प्लांटवर आयुष्य काढलंस. वाफे मेले का? मेले असतील तर जिवंत कसे करायचे? लवकर लिही. मी उशीर केला म्हणून तू सूड उगवू नकोस.

तुझी भिंगरी


१२ फेब्रुवारी

भिंगरे,

पाकीट उघडलं आणि फिनेलचा वास आला. काय झालं असणार ते तिथंच कळलं, पुढचं पत्र वाचायची गरज नव्हती. तरी वाचलं. सायकलवाल्यासकट.

तू संडास स्वच्छ केलेस आणि टाकी मारलीस. अगं, घाण खातं कोण? टाकीत आणि खडीवर जे जंतू बसलेले असतात ते. तेच कामगार. त्यांना पगार नको, सुट्टी नको, फक्त कोणी विष पाजू नये एवढीच अपेक्षा. तू अख्खी पाळी एका दुपारी गार केलीस. आमच्याकडे एकदा रंगाच्या कारखान्यानं रात्रीतून नाल्यात काहीबाही सोडलं होतं. सकाळी आमच्या हौदांवर पांढरा फेस, आणि साहेबलोक एकमेकांची तोंडं बघत उभे. तू एकटीनं कारखान्याएवढं काम केलंस, शाबास.

आता सांगते तसं कर. ब्लीचिंग, फिनेल, ॲसिड सगळं कुलपात घाल आणि त्या कुलपाची चावी कुठं ठेवली ते स्वतःही विसर. संडास साध्या पाण्यानं आणि ब्रशनं घासायचे. एका वेळी एकच वाफा चालू ठेव, दुसऱ्याला विश्रांती दे. विश्रांतीतल्या वाफ्यात तळ्याचं स्वच्छ पाणी सोड, विष धुऊन जाऊ दे. आणि ते गवत उपटून टाक. झाडं लावून घाण साफ होते हे मला कोणी शिकवू नये. काम करते ती खडी. पिवळी पानं आत कुजली तर भर पडेल.

साहेबाला खरं काय ते सांग. तुझ्या तोंडून ऐकू दे.

आणि एक. तुला मी लहानपणापासून ओळखते. गरम झालं की तू उठतेस. पळायचंच असेल तर व्हॉल्व्ह उघडायच्या आधी पळ, म्हणजे निदान तुझ्या हातून ते व्हायला नको. इथं तुझी गादी गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.

आत्या


१९ फेब्रुवारी

आत्या,

"पळायचंच असेल तर" इथपर्यंत वाचलं आणि पत्र फेकून दिलं. मग उचलून आणलं, कारण ब्रशचं त्यातच लिहिलं होतंस. गादी माळ्यावरच राहू दे. उंदरांना मऊ होईल.

सगळं केलं. एक सोडून. गवत नाही उपटलं. तू रागावशील, रागाव. उपटायला गेले होते, एक जुडी धरून ओढली तर मुळाशी पांढरा कोंब दिसला, बोटाच्या नखाएवढा. तू म्हणतेस काम खडी करते, करत असेल, पण त्या खडीत वाट कोण करून देतं? मुळंच ना? मी पिवळी पानं कापून काढली आणि मुळं ठेवली. प्लांट तुझा, वाफे माझे.

साहेबांना जाऊन सांगितलं. ते टेबलावरची काच पुसत होते.

"साहेब, हा वास माझ्यामुळं येतोय."

"तू काय केलंस?"

"फार स्वच्छ केलं."

"फार स्वच्छ असं काही नसतं."

मग मी त्यांना जंतूंचं सांगितलं, कामगार, पाळी, तुझं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, खरंच ऐकलं. मग म्हणाले, "म्हणजे या बागेत जंतू असले पाहिजेत असं तुझं म्हणणं?"

"हो."

"मग पाटीच लावू फाटकावर. या, बसा, आमच्याकडे जंतू आहेत."

मला हसू आलं. म्हटलं, "मी लावते, रंग द्या." तिथं बिनसलं. म्हणाले पाइप तात्पुरता आहे. किती तात्पुरता, तर ते वरून ठरेल. ओढा वाहता आहे, सगळं वाहून जाईल. मी विचारलं, "वाहून कुठं जाईल, साहेब?" त्यावर त्यांनी काच परत पुसायला घेतली. चावी मागितली. माझ्याकडेच आहे, देत नाही, असं तोंडावर सांगितलं. "काढून टाकीन," म्हणाले. "टाका. मग बदकांचं कोण ओरडेल?" या फाटकावर कोणी टिकत नाही हे त्यांनाही माहीत आहे. शेवटी म्हणाले, ठेव तुझी चावी. पुढच्या महिन्याच्या अखेरीला खोदाईचं मशीन येतंय. ते वाफेही बुजवेल आणि व्हॉल्व्हही उपटेल, त्याला चावी लागत नाही.

तिथून तशीच तणतणत खाली गेले, तक्रार करणाऱ्या बाईकडे. ओढ्याच्या वळणावर तिची लाँड्री आहे. ओढ्याचं पाणी एका हौदात घेते आणि वसतिगृहांच्या चादरी धुते. ढीगच्या ढीग. एका दोरीवर सगळ्या सारख्या पांढऱ्या, वाऱ्यानं एकदम फुगतात तेव्हा नावेवर असल्यासारखं वाटतं मला. त्याच बघत उभी होते, तेवढ्यात आवाज आला:

"ए फाटकवाली, बघतेस काय? नाक धरून धुतेय मी!"

म्हटलं, "मावशी, वाफे बुजवले तर याहून घाण पाणी येईल, तेच सांगायला..."

"मला मावशी म्हणू नकोस. माझ्या बहिणीला पोर नाही."

"बरं. पण तो पाइप..."

"बुजवा म्हणून मीच लिहून दिलंय. बुजू दे. तुमची बाग, तुमची घाण, तुमचं तुम्ही बघा." असं म्हणून बादलीभर निळीचं पाणी माझ्या पायांवर ओतलं. चुकून नाही. पाय अजून निळे आहेत. तिकिटं काढणारी पोरं बघून हसतात.

आत्या, मला एकच सांग. दही लावायचं तर विरजण लागतं ना? मेलेल्या टाकीला विरजण घालता येतं का? तुझ्याकडे हौदच्या हौद भरलेत जिवंत गाळानं. थोडं देशील?

निळ्या पायांची भिंगरी


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

काल दोन पिंपं चारा पोचवून परतणाऱ्या ट्रकवर चढवली आहेत. हे पत्र बहुधा मागाहून मिळेल. आतला गाळ आमच्या हवेच्या हौदातला आहे, जिथं खालून हवा सोडून जंतू वाढवतात, चांगला, तपकिरी, ओल्या मातीचा वास असलेला. तोच ओळख. काळा पडून घाण वास आला तर समज वाटेत मेला.

पिंपं टाकीत रिकामी कर. टाकीतच. खडीवर ओतलंस तर खडी तुंबेल, मग मशीन लागणार नाही, तू स्वतःच वाफे बुजवलेस असं होईल. ओतल्यावर दोन-तीन दिवस पाणी कमी सोडायचं. न्हाणीघरं बंद ठेव, कारण विचारलं तर नळ गळतोय म्हण. नंतर वाट बघायची. यात घाई नसते, आणि तुला तेवढंच जमत नाही.

ट्रकवाल्याला सांगितलंय की आत जिवंत माल आहे, झाकण सैल ठेव, उन्हात तापू देऊ नकोस. जास्त काही सांगितलं नाही. माणूस भला आहे पण नाकानं नाजूक.

माझा गुडघा धरलाय, म्हणून चार दिवस घरीच आहे. काळजीचं काही नाही. दुपारचा कुकर झाला, थांबते.

आत्या


१० मार्च

आत्या,

पिंपं पोचली. तुझा ट्रकवाला उतरला तोच हात जोडत. म्हणाला, "ताई, मी प्रत्येक थांब्यावर झाकण उघडलं, काठीनं ढवळलं, पावाचा चुरापण घातला. पण एक मासा वर आला तर शपथ. मेले वाटतं सगळे. माझ्यावर आळ घेऊ नका."

मासे! तू जिवंत माल म्हणालीस आणि त्यानं ते मासे धरले. रस्ताभर बिचाऱ्यानं त्यांना हवा दिली. मी झाकण काढलं. तपकिरी, फेसाळ, ओल्या मातीचा वास. तूच म्हणशील की त्यानं ढवळलं नसतं तर हवेवाचून अर्धा गाळ वाटेत गेला असता. मी त्याला म्हटलं, दादा, तुमचे मासे एकदम ठणठणीत आहेत. त्यानं आनंदानं तोंड पिंपात घातलं, नीट बघायला. मग काय आहे ते मी सांगितलं. तो सरळ तळ्यात जाऊन उभा राहिला, कपड्यांसकट. बदकं त्याच्याभोवती जमली, तर त्याही वेळेला मी सवयीनं ओरडले, पाव घालू नका!

सगळा गाळ टाकीत ओतला. खडीकडे बघितलंसुद्धा नाही. न्हाणीघरांवर नळ गळतोय अशी पाटी लावली. तळ्यात अंघोळ करायला लावली म्हणून तंबूवाल्यांनी मला शिव्या दिल्या. मी शिव्या घेतल्या. मग वाट बघितली, खरंच बघितली, वाफ्याच्या कडेला बसून. एकदा कंटाळून उठले आणि तळ्यापलीकडच्या टेकडीवर काय आहे ते बघायला निघाले. अर्ध्या वाटेतून परत आले. टेकडी कुठं पळून जाते?

आता वास बदललाय. आधी नासकी अंडी, मग भिजलं पोतं, आता बंद खोलीसारखा येतो. बरणीत पाणी शाईसारखं होतं, आता कोऱ्या चहासारखं. कोंब वीतभर झालेत. काल एक बेडूक ओरडला. एकच, पण पुष्कळ वेळ.

साहेब येऊन बघून गेले. नाकाला रुमाल लावून आले आणि जाताना रुमाल खिशात होता. बोलले मात्र एवढंच की मशीन सांगून झालंय.

आता तुझं बघू. गुडघा? दोन भरलेली पिंपं ट्रकवर चढवणाऱ्या बाईचा गुडघा दुसऱ्याच दिवशी धरतो? आणि दिवसपाळी सोडून दुपारी कुकर कसा लावतेस तू? ट्रकवाला म्हणत होता, तुमच्या आत्याबाईंना प्लांटच्या फाटकात एका चष्मेवाल्यानं अडवलं होतं, लई जोरात चाललं होतं. मी तुझ्यासारखी नाही, मला पाकिटाच्या वासावरून कळत नाही. सरळ लिही.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

सरळच लिहिते. मला कामावरून थांबवलंय. चौकशी होईपर्यंत घरी बसा, म्हणाले.

चष्मेवाला म्हणजे आमचा नवा मुख्य. वयानं माझ्या मुलाएवढा, मला मुलगा असता तर. त्यानं विचारलं, "पिंपांत काय आहे?"

"गाळ."

"कोणाच्या परवानगीनं?"

"रोज ट्रक भरभरून हा गाळ आपण बाहेर टाकतो. तेव्हा कोणाची परवानगी असते?"

"बाई, नियम आहे."

"नियम आहे, मान्य. आणि तिकडे एक टाकी मेली आहे, तीही आहे."

तो वाईट नाही. ट्रक त्यानं जाऊ दिला. मला म्हणाला, चूक झाली असं एका ओळीत लिहून द्या, उद्यापासून कामावर या. मी म्हटलं, विचारलं नाही एवढं लिहून देते, चूक झाली असं लिहिणार नाही. तिथं अडलंय. घरी बसवत नाही मला, भिंगरे. इतकी वर्षं सकाळी हौदाच्या कठड्यावर उभं राहून फेस बघायची सवय. इथं भांड्यांचा फेस बघते. पण लिहून देणार नाही. तुझ्यापाशी ही खोड कुठून आली असं तुझा बाप नेहमी विचारायचा. मी गप्प बसायची.

गवताबद्दल तुझं बरोबर होतं. कोणाला सांगू नकोस. आणि माझं ते पळण्याबद्दलचं पत्र फाडून टाक.

आता लाँड्रीवालीचं. तिला समजवायला परत जाऊ नकोस. समजवायला येणाऱ्या माणसाचा राग येतो, मलाही येतो. पाइपाचं तोंड कुठं निघतं ते तिनं कधी पाहिलंय का? तुझ्या लिहिण्यावरून वाटतं ते तिच्या हौदाच्या वरच्या अंगाला असणार. झुडपांत दडलं असेल. तेवढी झुडपं काढ. बोलू नकोस. तुला हे सर्वांत अवघड जाईल.

मशीनच्या दिवशी काय करणार आहेस? मला यायला जमणार नाही, मंगळवारी चौकशी आहे आणि निकालापर्यंत शहर सोडायचं नाही म्हणे. जे करशील ते बसून कर. उभ्या माणसाला बाजूला सारता येतं.

आत्या


२८ मार्च

आत्या,

मी बसून लिहिते आहे. व्हॉल्व्हच्या चेंबरच्या झाकणावर. झाकण लोखंडी आहे आणि ऊन चांगलं आहे, त्यामुळं कुठून लिहिते आहे ते मला विसरता येत नाही. पिवळं मशीन माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभं आहे, दात खाली टेकवून. त्याचा चालक सावलीत बसून चहा पितोय. मलाही दिला.

तू सांगितलंस तसं केलं. झुडपं काढली. पाइपाचं तोंड थेट लाँड्रीच्या हौदाच्या वरच्या अंगाला, दगड टाकला तर हौदात पडेल इतकं जवळ. मी कोयता चालवत होते तेव्हा ती चादर पिळत उभी होती. पाइप दिसला तिला. मी काही बोलले नाही. आत्या, माझी जीभ दुखायला लागली, पण नाही बोलले. ती पाइपाकडे बघत राहिली, मग थुंकली आणि आत गेली. दार लावलं. म्हटलं, झालं, एवढा कोयता चालवून एक थुंकी मिळाली.

सकाळी मशीन आलं. साहेब आले, बरोबर वरच्या ऑफिसातले दोघं. मी आधीपासून इथं बसलेली.

"ऊठ," साहेब म्हणाले.

"नाही."

"तमाशा करू नकोस. पाहुणे आहेत."

"पाहुण्यांना बरणी दाखवा." मी आजच्या पाण्याची बरणी शेजारीच ठेवली होती. त्यातल्या एका पाहुण्यानं ती उचलून उजेडाकडे धरली. अजून अगदी नितळ नाही, आत्या, खोटं सांगत नाही. थोडी पिवळट झाक आहे. पण त्यातून त्याला साहेबांचा चेहरा दिसला, कारण तो म्हणाला, "हे संडासाचं पाणी?" साहेबांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

मी म्हटलं, "अजून महिनाभर द्या, याहून चांगलं होईल. वाफे माझ्या हातून मेले होते, माझ्याच हातून उठतायत. बुजवायचे असतील तर मला धरून बुजवा. पाइप उघडणार नाही."

"आदेश आहे," साहेब म्हणाले. पण पूर्वीसारखं नाही. काच पुसताना म्हणायचे तसं नाही. दुसरा पाहुणा घड्याळ बघत म्हणाला, "एका मुलीसाठी किती वेळ थांबायचं? उचला." चालकानं चहाचा कप खाली ठेवला नाही. म्हणाला, "साहेब, मी माती उचलतो. माणसं उचलायचं काम माझ्याकडे नाही." मग त्यांनी फोन लावले. अजून लावतायत. कोणीतरी उचलायला येणार आहे, बहुतेक दोन-चार जण. माझ्यात दोन-चार जणांपुरतं वजन नाही, हे मलाही कळतं. पण उठणार नाही. मला घेऊन जातील तेव्हा बसल्या अवस्थेतच न्यावं लागेल.

तुझी चौकशी झाली ना मंगळवारी? काय झालं ते कळव. तू लिहून दिलं नाहीस हे मला माहीत आहे, बाकीचं कळव. गादी माळ्यावरून काढू नकोस, पण तू हवं तर इकडे ये. इथं कठडा नाही, पण वाफ्याच्या कडेला बसता येतं आणि

थांब, आत्या. फाटकातून कोणीतरी हातगाडी आत आणतंय. तिकीट न काढता.

लाँड्रीवाली आहे. गाडीवर ओल्या चादरींचा डोंगर, पाणी गळतंय, अख्ख्या रस्त्यावर ओली रेघ. कोणाकडे बघत नाही, कोणाशी बोलत नाही. गाडी वाफ्यांच्या कडेला लावली. गाडीतून दोरी काढली आणि सरळ जाऊन मशीनच्या उंच दांड्याला गाठ मारली.

साहेब पळत आले. "अहो बाई, हे काय चाललंय?"

"वाळत घालतेय."

"इथं?"

"मग कुठं? ओढ्यावर आता सोय राहणार नाही म्हणे."

"पण तक्रार तुम्हीच केली होती ना?"

"केली होती. वासाची. आता वास कुठं आहे?" आणि तिनं सगळ्यांसमोर नाक वर करून जोरात श्वास घेतला. ऑफिसच्या दोघांनीही घेतला, त्यांच्याही नकळत. मग पहिली चादर दोरीवर टाकली, मशीनच्या पुढ्यात, या टोकापासून त्या टोकापर्यंत. चालक म्हणाला, "आता तर मी चालवणारच नाही. बाईंच्या चादरी मळतील."

आता ती दोरी ओढत माझ्याकडेच येतेय. दुसरं टोक बांधायला इथं खांब नाही, झाड नाही. मी म्हटलं, थांबा, मी उठून धरते.

"उठलीस तर बघ," ती म्हणाली, आणि ते टोक माझ्याच कमरेभोवती गुंडाळून घट्ट गाठ मारली. "आणि लिहिणं आटप. हलू नकोस, चादर ओली आहे."